रेसची मूठ

"गाडी हितंच ठिवा वैनी, उद्या येऊन न्या," गुंडू मिस्त्री तिसऱ्यांदा म्हणाला.

मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं आणि त्याच्या पत्र्याच्या शेडमधल्या एका पालथ्या डब्यावर बसून घेतलं. दुरुस्ती माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ऊन फार आहे, तोवर देवळात जाऊन बसा. मी म्हटलं, मला ऊन लागत नाही. मग त्याने हॉटेलातून चहा मागवू का, तुम्ही तिकडेच जाऊन घेता का, असं विचारलं. माझं डोकं फिरलं. बाईमाणूस समोर बसलं की ह्या लोकांच्या हाताला लकवा भरतो की काय, असं मला वाटलं, आणि मी ते तसंच बोलूनही दाखवलं. तो खाली मान घालून पाना शोधत राहिला. पाना त्याच्या समोरच पडला होता.

गोष्ट एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली आहे. तो शनिवार होता आणि सोमवारी सकाळी मला तालुक्याला दूध संघाच्या साहेबांसमोर ही फटफटी चालवून दाखवायची होती. माझा नवरा संघात सुपरवायझर होता. सात गावांच्या डेअऱ्यांवर जाऊन दुधाची फॅट तपासायची, हे त्याचं काम. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. आता मी घेते. त्याचं नाव आनंदा. त्या शनिवारच्या अकरा महिने आधी खिंडीतल्या वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून गेली. तो खडकावर पडला आणि जागीच गेला. गाडी करवंदीच्या जाळीत जाऊन अडकली. तिचा फक्त दिवा फुटला.

मी बारावी झालेली होते. साहेब सरळ माणूस होता. त्याने निरोप पाठवला, की त्याच जागेवर तुम्हाला घेतो, पण त्या सात गावांना एसटी दिवसातून दोनदाच जाते, तेव्हा गाडी चालवता आली पाहिजे. येत असेल तर अमुक सोमवारी गाडी घेऊन या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. ती नोकरी मिळाली तर मी स्वतःच्या पायावर उभी राहणार होते. नाही मिळाली तर त्या घरात जन्मभर खाली मान घालून भाकरी थापणार होते. खाली मान का, तेही सांगते.

तो गेला त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. मला नेऊन सोडतो म्हणून त्याने आठ दिवस आधी कबूल केलं होतं आणि ऐन वेळी म्हणाला, जमत नाही. मी बोलले. तोही बोलला. मी त्याचा जेवणाचा डबा ओट्यावर आपटला, तो डबा न घेताच गेला. भांडण एवढंच. कुठल्या घरात होत नाही? पण तासाभराने खिंडीतून माणूस धावत आला, आणि त्या दिवसापासून माझ्या सासूने, आत्याबाईंनी, एकच धरलं. माझ्या लेकाला उपाशीपोटी भांडून घालवला. त्या रागात त्याने गाडी हाकली. हिने मारला त्याला.

हे ती मला म्हणाली, शेजारणीला म्हणाली, पाणवठ्यावर म्हणाली, माझ्या आईवडिलांच्या तोंडावर म्हणाली. माझ्या हातचं अन्न तिने सोडलं. अकरा महिने स्वतःची वेगळी चूल पेटवून खाल्लं तिने. रस्त्याने मी चालले की बायका बोलायच्या थांबायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते खरं वाटायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं की अंगावर धावून जायची मी, पण एकटी असले की डबा आपटल्याचा तो आवाज कानात यायचा. मीच मारला असेन तर? ह्या प्रश्नाचं उत्तर मला हवंही होतं आणि नकोही होतं.

घरात माझ्याशी धड बोलणारं एकच माणूस होतं, माझे सासरे. मामंजी स्वभावाने गरीब. सासूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ते मला खुणेने गोठ्यात पाठवायचे, म्हशीला पाणी पाज म्हणून. पोलीस ठाण्यातून गाडी सुटली तेव्हा तेच आठ मैल ती ढकलत घेऊन आले होते आणि गोठ्यात गोणपाटाखाली त्यांनीच ती ठेवली होती. मी शिकायचं काढलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, बघ बाई, तुला झेपंल का. मला ती मायाच वाटली.

क्लच, गिअर, ब्रेक, हे सगळं मी तीन आठवड्यांत खळ्यावर शिकले. नऊवारी नव्हते नेसत, पाचवारीचा पदर खोचून बसायची. अडलं ते फक्त रेसच्या मुठीपाशी. उजव्या हाताची ती मूठ पिळायला मनगटापासून खांद्यापर्यंत जोर लावावा लागायचा. बरं, पिळली तर पिळली, हात सोडला की तिने आपसूक मागे यायला हवं. ती यायचीच नाही. आहे तिथेच राहायची, आणि गाडी आपली पळतेय. आदल्या दिवशी अशीच मला घेऊन उसात शिरली. दोन्ही हातांनी मूठ उलटी पिळली तेव्हा कुठे थांबली. तळहाताची कातडी निघाली होती.

म्हणून मी शनिवारी गाडी ढकलत गुंडू मिस्त्रीकडे आणली होती. आनंदाचा तो जिवलग. गाडीचं सगळं काम कायम त्याच्याकडेच व्हायचं.

त्याने केबल काढली, तेल सोडलं, परत बसवली. मूठ तशीच. मग नवी केबल घातली. तशीच. खाली इंजिनापाशी काहीतरी उघडून पुसलं, झाकलं. तशीच. एवढं सगळं केलं, पण मुठीला म्हणून हात लावला नाही. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण दुखतंय पोट आणि हा पाय चोळतोय, एवढं तर कुणालाही दिसलं असतं.

"मिस्त्री, मूठ उघडा की," मी म्हटलं.

"मुठीत काय नसतंय वैनी. बायकांच्या हाताला ती जराशी जडच लागती."

झालं. मी उठले. म्हटलं, तुम्ही पुरुष आहात ना, पिळून दाखवा. त्याने पिळली. त्याच्या हाताच्या शिरा तट्ट फुगल्या. आता सोडा म्हटलं. त्याने सोडली. मूठ जागची हलली नाही. मी विचारलं, ही पण बायकांच्याच हाताला परत येत नाही का? सोमवारी मी खिंडीतून जाणार आहे. वळणावर हिने असंच केलं तर मी कुठे जाईन?

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "वैनी, तुमी ही गाडी चालवू नका. दुसरी बघा. ही गाडी चांगली न्हाई."

मला वाटलं, हाही त्यातलाच. बाईने गाडीवर बसू नये, विधवेने तर नाहीच नाही, हे गावाने ठरवलेलं मिस्त्री आडवळणाने सांगतोय. मी त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतला आणि म्हटलं, तुम्ही नाही उघडत तर मी उघडते, मोडली तर मोडली.

तो अडवायला पुढे आला, पण बाईच्या अंगाला हात कसा लावणार? तिथल्या तिथे घुटमळत राहिला. मी मुठीच्या आतल्या बाजूला, जिथून केबल निघते तिथे, खालून बोटं फिरवली. वरून काही दिसत नव्हतं. खाली काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, दोन-तीन वेढे. मी नखाने ती सोडवली. आत एक स्क्रू होता. त्याचं डोकं मोठं होतं, कानासारखं पसरट, बोटांनी फिरवता येईल असं. मी तो उलटा फिरवला. दोन फेरे सैल केला आणि मूठ पिळली. लोण्यासारखी फिरली. सोडली तर टकदिशी मागे आली.

दोन फेऱ्यांचं काम. मी तीन आठवडे हाताची सालटी काढून घेतली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

गुंडू खाली बसला. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, की तो स्क्रू मुळात गाडीला नव्हता. त्यानेच भोक पाडून बसवलेला होता. आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलेला, स्क्रू आवळला की तो मुठीला दाबून धरतो आणि मूठ आहे तिथे राहते.

"कुणी सांगितलं होतं बसवायला?"

"आनंदानंच. माझ्या मागंच लागला व्हता."

"कशाला?"

मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मान न उचलता सांगितलं.

"तंबाखू मळायला, वैनी. त्याला चालत्या गाडीवर दोन्ही हात मोकळं लागायचं. चढ लागला की मूठ पिळायचा, स्क्रू आवळायचा आणि वरपतोर तंबाखू मळत जायचा. आमाला दाखवायचा, बघ म्हणून. टाळ्या दिल्यात आमी."

मी उभी होते ती तशीच उभी राहिले. खिंडीचा चढ मला पाठ होता. वर पोचलं की लगेच उतार आणि उतारावर ते वळण. म्हणजे त्या सकाळी तो चढ चढून वर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तंबाखू होती, मूठ आवळलेली होती, आणि वळण आलं तेव्हा गाडी त्याचं ऐकेना. त्याचा राग नव्हता. माझा डबा नव्हता. उपाशी पोट नव्हतं. मजा होती. मित्रांनी टाळ्या दिलेली मजा.

आधी मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आला तो नुसता संताप, आणि तो आधी आला आनंदाचा. बारशाला न्यायला वेळ नव्हता, आणि गाडी थांबवून चिमूटभर तंबाखू मळायलाही वेळ नव्हता ह्या माणसाला. मग गुंडूचा आला. मी म्हटलं, अकरा महिने माझी सासू गावभर काय सांगत होती ते तुमच्या कानावर आलं नव्हतं का? तो म्हणाला, आलं होतं. मग? तो म्हणाला, मीच बसवलेला स्क्रू, कुठल्या तोंडाने सांगू?

"आणि झाकलंत बरं चांगलं. पट्टी गुंडाळून."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पट्टी मी न्हाई लावली वैनी. शप्पत. अपघातानंतर गाडी आज बघतोय मी. पट्टी बघितली आणि माझंच पाणी झालं. म्हटलं, कुणाला तरी ठावं हाय."

मी गाडीला किक मारली आणि त्याला म्हटलं, बसा मागे. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, घरी. मला सांगितलंत तेच आत्याबाईंना सांगायचं. तो नाही नाही म्हणू लागला तेव्हा मी म्हटलं, मग मी चावडीत जाऊन सांगते, तुमच्या नावासकट. बसला. माझ्या मागे बसलेलं ते पहिलं माणूस. कॅरिअरला दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. पारावरचे म्हातारे बघतच राहिले. मूठ इतकी हलकी चालत होती की मला त्याचाही राग येत होता.

आत्याबाई सोप्यात सुपातले तांदूळ निवडत होत्या, मामंजी खांबाला टेकून दोरी वळत बसले होते. अंगणात मी गाडी उभी केली. मला गाडीवरून, तेही पुरुषाला मागे घेऊन, आलेली बघून आत्याबाईंचं तोंड सुरू होणार होतं, त्याआधीच मी गुंडूला पुढे केलं. त्याने सांगितलं. अडखळत, थुंकी गिळत, पण सगळं सांगितलं. स्क्रू, ट्यूबचा तुकडा, तंबाखू, टाळ्या. मी सैल केलेला स्क्रू बोटाने दाखवला.

आत्याबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या म्हणाल्या, खोटं आहे, हिने तुला फितवलंय. गुंडूने कानाला हात लावला. त्या नवऱ्याकडे वळल्या, सांगा की ह्याला काहीतरी, लेकाच्या नावाला बट्टा लावतोय, म्हणाल्या.

मामंजींचे हात दोरीवर थांबले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नव्हतं. गुंडूकडे पाहिलं नव्हतं. सगळा वेळ ते जमिनीकडे बघत होते, आणि ते बघूनच मला कळलं. मी म्हटलं, मामंजी, पट्टी कुणी लावली?

"मी," ते म्हणाले.

गाडी आणायला गेले तेव्हा ठाण्याच्या आवारात त्यांना स्क्रू दिसला होता. मुलाची खोड त्यांना माहीत होती, एकदा रागावलेही होते त्याला. स्क्रू दिसला आणि सगळं उमगलं. तिथल्याच एका दुकानातून त्यांनी पट्टी घेतली. पोलिसांच्या, गावाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. पोरगा तंबाखूपायी मेला, असं गाव म्हणालं असतं. हसलं असतं. त्यांना ते सोसलं नसतं.

"मेलेल्या माणसाला कशाला बोल लावायचा," ते म्हणाले.

"मग जित्या माणसाला लावायचा?"

मी ओरडले नव्हते. ओरडायचं बळच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, की अकरा महिने तुमच्यासमोर मला खुनी म्हटलं गेलं तेव्हा तुम्ही मला म्हशीला पाणी पाजायला पाठवत होता. ते जाऊ द्या. पण तीन आठवड्यांपूर्वी मी ह्याच गाडीवर बसायला लागले. स्क्रू आवळलेला होता, तुम्हाला ठाऊक होतं. काल ती मला घेऊन उसात गेली, ते तुम्ही बांधावरून बघत होता. सोमवारी मी खिंडीत जाणार होते. तुम्ही मला काय सांगितलंत? झेपंल का म्हणालात.

"मला वाटलं, हात दुखला की नाद सोडशील," मामंजी म्हणाले. "मग कुणाला कायच सांगाय लागणार न्हाई."

असा राग मला जन्मात दुसऱ्या कुणाचा आला नाही. सासूने मला शिव्या दिल्या, पण तिला खरंच तसं वाटत होतं. ह्या माणसाने माझ्या ताटात जास्तीचं दूध घातलं, माझ्यासाठी डोळे पुसले, आणि मुलाचं नाव राखायला मला त्याच वळणाकडे जाऊ दिलं.

आत्याबाई उठल्या. सुपातले तांदूळ सांडले, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं, त्या आता माझ्या अंगावर येणार. पण त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या तोंडानं येवढं पाप कशाला करून घेतलंसा?" त्या म्हणाल्या.

त्यांनी माझी माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांची वेगळी चूल पेटली नाही. मी वाढलेलं ताट त्यांनी पुढे ओढलं आणि न बोलता जेवल्या. सोमवारी मी गुंडूकडून तो स्क्रू काढून घेतला, भोक बुजवून घेतलं, आणि खिंडीतून तालुक्याला गेले. साहेबांनी संघाच्या आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, उद्यापासून या. चोवीस वर्षं मी त्या सात गावांना गेले. तीन गाड्या झाल्या.

मामंजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेवटचे आठ महिने अंथरुणावरच होते, कमरेखालून लुळे पडलेले. आत्याबाई आधीच गेल्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं. सकाळी फेरीला जायच्या आधी आणि आल्यावर त्यांचं सगळं मीच करायची. अंघोळ, जेवण, पाठीला तेल. बायका म्हणायच्या, पोटच्या लेकीने केलं नसतं एवढं. एक दिवस मी अंग पुसत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, अजून राग हाय व्हय गं?"

"हाय," मी म्हटलं, आणि त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसायला घेतली.